बिनबिडीची सुटी

ग्यानबाने बिडी सोडली ती छातीसाठी नव्हे, देवासाठी नव्हे आणि बायकोच्या सांगण्यावरून तर मुळीच नव्हे. बायकोच्या नाकावर टिच्चून सोडली.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळच्या पारी ग्यानबा अंगणात बसून खोकत होता. खोकला असा, की शेजारचं कुत्रं आलं, समोर बसलं, काय म्हणणं आहे ते नीट ऐकून घेतलं आणि परत गेलं. मनकर्णा सुपात ज्वारी पाखडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सोडा की ती बिडी."

"सोडीन."

"तुमी? तुमी मला सोडाल, घर सोडाल, वखत आला तर हिंगोली सोडून जाल. बिडी सोडणं तुमच्यानं व्हत न्हाई. त्याला माणूस लागतो."

हे शेवटचं वाक्य ग्यानबाच्या जिव्हारी लागलं. त्याने तोंडातली अर्धी बिडी काढली, मातीत चिरडली आणि म्हणाला, "ह्या घडीपासून बिडीला हात लावला तर मी ग्यानबा न्हाई."

"मंग कोण?" मनकर्णाने विचारलं.

त्यावर ग्यानबाने अख्खं बंडल गव्हाणीत फेकलं. वासराने अकरा बिड्या खाल्ल्या आणि दिवसभर फार विचारी चेहरा करून उभं राहिलं. पण खोकलं नाही. त्यावरून दोष बिडीचा नसावा, असं शेजाऱ्यांचं मत पडलं.

तेव्हा विलायतेत लढाई लागलेली होती आणि हिंगोलीत कापसाचा हंगाम. लढाईची बातमी स्टेशनावर यायची, हंगामाची थेट नाकात. स्टेशनापलीकडे गुलाबचंदशेठचं जिनिंग होतं. पत्र्याची लांबलचक शेड, आत दोन ओळींत सरकी काढायचे वीस रेचे, एका टोकाला इंजिन. गोरेगावापासून कुरुंद्यापर्यंतच्या बैलगाड्या कापूस भरून फाटकाबाहेर रांग लावायच्या. रेच्याच्या तोंडात कापूस घालायचा. पुढून रुई निघायची, खालून सरकी पडायची, आणि जे उरायचं ते माणसाच्या छातीत जायचं. दुपारपर्यंत शेडमध्ये असा पांढरा धुरळा माजायचा, की समोरच्याची मिशी काळी आहे का पिकलेली, हे बाहेर आल्यावरच कळायचं.

अशा जागी विस्तव म्हणजे यम. म्हणून फाटकावरचा प्रेमसिंग सकाळी प्रत्येकाच्या बिड्या आणि काडीपेटी काढून घ्यायचा आणि आपल्या लाकडी पेटीत ठेवायचा. फाटकाबाहेर, शेडपासून शंभर पावलांवर, एक कडुलिंब होता. त्याच्या फांदीला सुंभाची जाड दोरी टांगलेली. तिचं खालचं टोक दिवसभर धुमसत असायचं. बुडाशी पाण्याने भरलेला रांजण. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, चौघा-चौघांनी बाहेर यायचं, प्रेमसिंगकडून आपली बिडी घ्यायची, सुंभावर पेटवायची, ओढायची, थोटूक रांजणात टाकायचं आणि परत आत. ही बिडीची सुटी. तिला घड्याळ नव्हतं. बिडी हेच घड्याळ. बिडी विझली की सुटी विझली. काहीजण इतकी सावकाश ओढत, की बिडीलाही वाटे, आपल्याला विसरले वाटतं.

ज्याला बिडी नाही, त्याला सुटी नाही. हा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो बदला असं कुणाला सांगताही येत नव्हतं.

बिडी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्यानबा नेहमीप्रमाणे आपल्या चौघांबरोबर बाहेर आला, कडुलिंबाला पाठ लावून बसला आणि त्याने पाय लांब केले. वारा सुटला होता. छातीतली रुई जरा बाजूला सरकून वाऱ्याला जागा देत होती. गेली नऊ वर्षं तो इथे बसत होता. पण इथे हवा असते हे त्याला आज कळलं. इतकी वर्षं तिच्या आड बिडी येत होती.

मुकादम माणिकराव शेडच्या दारातून नजर ठेवून असायचा. त्याच्या हातात वेताची छडी, ती तो कुणालाच मारायचा नाही. स्वतःच्याच पोटरीवर हाणायचा. हाणत हाणत तो कडुलिंबाखाली आला.

"काहून रं ग्यानबा, बिडी कुटंय?"

"सोडली."

"कवा?"

"काल सकाळी."

"मंग हितं काय करून राहिला?"

"बसून राहिलो."

"ही काय बसायची सुटी हाये? ही बिडी प्यायची सुटी. बसणं त्याच्यात फुकट येतं."

"मंग मी तेवढं फुकटातलंच घेऊन राहिलो," ग्यानबा म्हणाला. "बिडी तुमाला ऱ्हाऊ द्या."

शेजारी बसलेल्या दस्तगीरला हसू आलं आणि धूर भलत्याच वाटेने गेला. दस्तगीर शेजारच्या रेच्यावर काम करायचा. ग्यानबाने नऊ वर्षांत जितक्या बिड्या ओढल्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या.

"ऊठ," माणिकराव म्हणाला. "बिडी संपली की उठायचं, असं हाये."

"बराबर हाये. माझी संपली की उठतो."

"तुजी हाये कुटं?"

"न्हाईच. मंग संपंल कशी?"

माणिकरावची छडी पोटरीवर जायची ती वाटेतच थांबली. त्याने आधी तिन्ही बिड्यांकडे पाहिलं, मग ग्यानबाच्या रिकाम्या हाताकडे. हा माणूस एक तर आत्ता उठायला हवा, नाहीतर मरेपर्यंत बसायला हवा, असं त्याला कुठेतरी जाणवलं. कसं, ते सापडेना. शेवटी त्याने ग्यानबाचं मनगट धरलं आणि त्याला उठवून आत नेलं.

आत आल्यावर ग्यानबाने आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच पाहिली. बिडीबाज बाहेर गेले तरी रेचे बंद पडत नव्हते. तेवढ्या वेळात दोन-दोन रेच्यांच्या मधे एकेक बाई उभी राहायची आणि दोन्हीकडे कापूस घालायची. त्या बायांत गोजरबाई सगळ्यांत जुनी. कमरेला पदर खोचलेला, भुवयांवर रुई, दातांना मिश्री.

"काहून आला लवकर?" तिने विचारलं.

"बिडी सोडली. सुटी गेली."

"आरं देवा," गोजरबाई म्हणाली, पण तिचे हात थांबले नाहीत. "आमी बी सोडलेली हाये. जल्मापासून."

पुढचे चार दिवस हाच खेळ झाला. ग्यानबा सकाळ-दुपार बाहेर जायचा, बसायचा, माणिकराव यायचा, मनगट धरायचा. मनगटावर छानपैकी वळ उठला. तलप तर अशी यायची, की सुंभाच्या धुरातसुद्धा त्याला तंबाखूचा वास येई आणि दाढेखाली लाळ जमे. तो जीभ दाताखाली धरायचा, पण जागा सोडायचा नाही.

दस्तगीरला मित्राची दया आली. "तू पागल है क्या? हाथ में पकड ना खाली. जलाना नक्को, पीना नक्को. मुकादम को दिखना, बस."

"हात लावणार न्हाई म्हनलो मी."

"किसकू बोला?"

"बायकोला."

"अरे बाप रे," दस्तगीर गंभीर झाला. "फिर तो मुश्किल है." त्याने विचार केला. "अच्छा, मैं पकडता तेरी बिडी."

दुपारी दस्तगीर दोन्ही हातांत एकेक पेटती बिडी घेऊन बसला. एक स्वतःची, एक ग्यानबाच्या नावाची. दोन्ही आळीपाळीने ओढायची म्हणजे त्याचीच धांदल उडाली. माणिकराव आला, त्याने सगळी मांडणी समजून घेतली आणि मान हलवली.

"चालत न्हाई. बिडीला मुखत्यार चालत न्हाई. ही काय अदालत हाये?"

"लेकिन जलती तो है!"

"कुणाच्या तोंडानं जळून राहिली? मंग सुटी त्याची. आन तू दोन पिलास म्हणून उद्या सकाळची तुजी सुटी गेली."

न्याय चोख होता. सहाव्या दिवशी माणिकराव स्वतःच कंटाळला आणि ग्यानबाला शेठकडे घेऊन गेला.

गुलाबचंदशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. मागे भिंतीवर बालाजीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती. शेठ लसूण खात नसत, कांदा खात नसत, आणि बिडीचं नाव निघालं तर कानाला हात लावत. दर एकादशीला फाटकाशी उभे राहून ते कामगारांना सांगत की बिडी म्हणजे नरकाची शिडी. कामगार ऐकून घेत आणि बिडी पेटवत.

"शेठ, ह्यानं बिडी सोडली," माणिकरावने फिर्याद मांडली.

"अरे वा!" शेठ लोडावरून सरळ झाले. "सोडली? शाबास! मोठं पुण्याचं काम केलंस, ग्यानबा. मग फिर्याद कसली, मुकादम?"

"सुटी मागून राहिला."

"कशाची?"

"बिडीची."

शेठ परत लोडाला टेकले. "बिडी सोडली तर सुटी कशाला रे, भाई?"

"शेठ," ग्यानबा हात जोडून म्हणाला, "म्हणजे पाप करंल त्याला सुटी, आन पुण्य करंल त्यानं त्याच्या वाटणीचं काम करायचं. मला कळंना, म्हणून इचारून राहिलो. मी पुण्य सोडू का?"

शेठनी मान वळवून तसबिरीकडे पाहिलं. बालाजी त्यांना सगळं ऐकून असल्यासारखे वाटले. शेठनी कपाळ चोळलं. माणिकरावने संधी साधून अडचण सांगितली, की या माणसाची सुटी संपवायची कशाने, काहीतरी जळायला तर पाहिजे. त्यावर शेठचा चेहरा एकदम उजळला. अशी युक्ती माणसाला जन्मात एकदाच सुचते, आणि ती सुचू नये म्हणून घरच्यांनी नवस करावेत.

त्यांनी तसबिरीखालचा डबा उघडला आणि एक उदबत्ती काढून ग्यानबाच्या हातात ठेवली. "घे. बिडीच्या जागी ही लाव. नाम घे. जळाली की उठायचं. धुराचा धूर, पुण्याचं पुण्य. काय मुकादम?"

"बराबर हाये, शेठ," मुकादम म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

दोघांपैकी एकालाही एक बारीकशी गोष्ट सुचली नाही. खरं सांगायचं तर ग्यानबालाही नाही. ती सगळ्यांच्या लक्षात आली कडुलिंबाखाली. ग्यानबाने उदबत्ती सुंभावर पेटवली, मुळाशी मातीत खोचली आणि बसला. बाकी तिघांच्या बिड्या संपल्या, ते आत गेले. दुसरे चौघे आले, ओढून गेले. तिसरे चौघे आले. उदबत्ती अजून अर्ध्यावर होती. एक बिडी म्हणजे मुकादमाला शिव्या देऊन होतील एवढा वेळ. एक उदबत्ती म्हणजे मुकादम, शेठ, सासरा आणि वर थोडी झोप.

"ऊठ की!" माणिकराव ओरडला.

"जळून राहिली," ग्यानबा म्हणाला. तो घोरायच्या बेतात होता.

माणिकराव गादीकडे पळाला. पण शेठनी शब्द दिला होता, आणि तोही बालाजीसमोर. शिवाय दुपारीच त्यांनी देवळात चार माणसांना सांगून टाकलं होतं की आमच्या जिनिंगात माणसं बिडी सोडून नाम घ्यायला लागली. माणसं, असं अनेकवचनात. आता ते खरं व्हायला पाहिजे होतं.

ते झालं. दुसऱ्या दिवशी दस्तगीर गादीपुढे जाऊन उभा राहिला. "शेठ, मैं भी छोड दिया."

"शाबास! कधी?"

"अब्बी. आते आते."

त्यालाही उदबत्ती मिळाली. संध्याकाळपर्यंत अजून सात जणांनी बिडी सोडली. त्यांतला एकजण तर आधी कधी ओढतच नव्हता. त्याने त्यासाठी सकाळी एक ओढून घेतली. शेठ एकेकाची पाठ थोपटत होते आणि उदबत्तीचा डबा रिकामा होत होता. कडुलिंबाखाली नऊ उदबत्त्या रांगेने जळायला लागल्या. फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत ताटकळलेला एक म्हातारा गाडीवान गाडीवरून खाली उतरला, त्याने पायातलं काढलं, कडुलिंबाला डोकं टेकवलं आणि विचारलं, "कंचा देव म्हनावा हा?"

"बसोबा," दस्तगीर डोळे न उघडता म्हणाला.

"जागृत हाये का?"

"झोप लागल्यावर जास्तच."

म्हाताऱ्याने गाडीतून मूठभर कापूस आणून बुडाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथे शेंदूर लावलेला एक धोंडाही आला. कुणी आणला, ते कळलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी शेडच्या दारातून बाया बाहेर आल्या.

पुढे गोजरबाई, मागे पंधरा-सोळा जणी, त्यात खतीजाबी, द्वारकाबाई, सगळ्या. प्रत्येकीच्या हातात घरून आणलेली उदबत्ती. माणिकराव दारात आडवा झाला.

"कुटं निघालात?"

"नाम घ्यायला," गोजरबाई म्हणाली.

"तुमाला सुटी न्हाई."

"काहून?"

"बिडी सोडलेल्याला सुटी हाये!"

"दादा, आमी बिडी अशी सोडली की धरलीच न्हाई. ह्याहून काय सोडावं माणसानं?" गोजरबाईने त्याला कोपराने बाजूला केलं. "हो तिकडं. अकरा साल झाले मला ह्या शेडमदी. ह्या लिंबाखाली सावली कशी लागती ती बी मला ठाव न्हाई."

त्या बसल्या. कुणी पाय चोळले, कुणी तोंडावरची रुई पुसली. खतीजाबीने डोळ्यांवरून पदर घेतला आणि ती बसल्या बसल्या झोपली. ग्यानबाने सरकून जागा करून दिली. बाया आल्या तेव्हा त्याच्या मनात जे आलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. नऊ वर्षं आपण इथे बिडी ओढत होतो, तेव्हा आपला रेचा यांतल्याच कुणीतरी सांभाळत होतं, एवढंच ते होतं.

आता माणिकरावचा संयम सुटला. तो पुढे झाला आणि बुडाशी खोचलेल्या उदबत्त्या पटापट मोडून बिडीएवढ्या करू लागला. "एवढी! एवढीच! बिडीएवढी!"

तीन मोडल्या असतील नसतील, गाड्यांच्या रांगेतून आरडाओरड उठली. "देवाची उदबत्ती मोडली! जळती मोडली!" तो म्हातारा गाडीवान तर बैल हाकायची पुराणी घेऊनच धावला. माणिकरावने एकदा मागे पाहिलं, एकदा शेंदरी धोंड्याकडे पाहिलं, आणि दोन्ही कान धरून धोंड्यापुढे बसला. बसोबाचा हा पहिला चमत्कार मानला जातो.

दुसरा झाला नाही. गलका ऐकून शेठ आले. त्यांनी कडुलिंबाखाली पंचवीस माणसं पाहिली, शेडमध्ये रिकामे फिरणारे रेचे पाहिले, आणि त्यांचं पुण्य एका क्षणात आटलं.

"बंद!" शेठ म्हणाले. "उदबत्ती बंद. बिडी बंद. लिंब बंद. उद्यापासून पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत, भाकरीची सुटी सोडली तर कुणीही फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही."

कुणी काही बोलण्याआधी माणिकरावने शेठच्या कानाशी काही सांगितलं. शेठनी मान डोलावली आणि ग्यानबाकडे बोट केलं. "हे सगळं ह्या एकामुळे झालं. उद्या दुपारी ह्यानं सगळ्यांसमोर एक बिडी ओढावी. मग समजू की हा आठवडा झालाच नाही. पहिल्यासारखं चालू. पिणाऱ्यांना सुटी. नाही ओढली, तर कुणालाच नाही, आणि हा घरी."

त्या संध्याकाळी ग्यानबाशी कुणी धड बोललं नाही. जे बोलले ते एवढंच, की तुझ्या हट्टापायी आमच्या वाटणीची हवा गेली, आता एका बिडीनं तू मरणार हायेस का. दस्तगीर तर त्याला टाळून दुसऱ्याच वाटेने घरी गेला, आणि हे जास्त वाईट होतं. घरी मनकर्णाला गावातून सगळं कळलंच होतं. तिने भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "प्या येक. मी काई म्हणत न्हाई."

तिने शिव्या दिल्या असत्या तर ग्यानबाने कदाचित ओढली असती. पण तिने परवानगी दिली. आता काय करता?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं जिनिंग कडुलिंबाभोवती जमलं. रेचे तसेच फिरत ठेवलेले, कारण दोनच मिनिटांचं काम, असं शेठ म्हणाले होते. स्टेशनावर शेठची मालगाडीची वाघीण येऊन लागली होती आणि तिन्हीसांजेच्या आत तीत गाठी चढायच्या होत्या. फाटकाबाहेर गाड्यांची रांग कालच्यापेक्षा लांब होती. प्रेमसिंगने आपली पेटी उघडली. दस्तगीरने एक बिडी काढली, सुंभावर पेटवली, चांगली फुलवली आणि ग्यानबापुढे धरली.

"ले, यार," तो हळूच म्हणाला. "सबके वास्ते."

ग्यानबाने बिडीकडे पाहिलं. टोक लालबुंद झालेलं. धूर सरळ त्याच्या नाकात आला, आणि दहा दिवस ज्या जागा झोपवल्या होत्या त्या सगळ्या एकदम उठून बसल्या. जिभेला, टाळूला, बोटांना, सगळ्यांना ती हवी होती. हात आपोआप वर आला. गर्दीतून 'हां, हां' असा आवाज निघाला. शेठ हसले.

ग्यानबाचा हात अर्ध्यावर थांबला.

"शेठ, एक इचारतो. ही पिली तर सुटी कुणाकुणाला?"

"पिणाऱ्यांना. पहिल्यासारखी."

"आन बायायला?"

"बाया कुठे बिडी पितात, भाई?"

ग्यानबाने मान वळवली. गोजरबाई शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. ती काही विनवत नव्हती की रडत नव्हती. तिने पदराने एक डोळा पुसला, पण तो रुईने चुरचुरत होता म्हणून.

"मंग नगं," ग्यानबा म्हणाला आणि त्याने हात खाली घेतला.

"काय नगं?" शेठना कळेना.

"शेठ, छातीत रुई जाती. मला हवा पायजे. त्या हवेला काडीपेटी लागत न्हाई, उदबत्ती लागत न्हाई, आन देव बी लागत न्हाई. बिडी पिली म्हणून बसू द्याल, न्हाई पिली म्हणून उठवाल, तर मी बिडीचा नोकर झालो, तुमचा न्हाई." एवढं बोलून तो कडुलिंबाखाली गेला आणि बसला. पाय लांब केले.

"उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या पाहू. आज बसलो."

दस्तगीरच्या बोटांत बिडी जळत होती. ग्यानबाला तिचा वास येत होता आणि त्याने श्वास रोखून धरला होता. कारण हवा खायला बसलेल्या माणसाला धुरापुढे हार खावी लागली असती तर फार शोभलं नसतं. मग गोजरबाई भिंतीपासून निघाली. ती सरळ चालत आली, ग्यानबापासून हातभर अंतरावर बसली आणि म्हणाली, "सरक जरा. सगळी सावली एकट्याला काहून?"

तिच्यामागे खतीजाबी आली, द्वारकाबाई आली, मग बाकीच्या. दस्तगीरने बिडीचा एक झुरका ओढला, तिच्याकडे फार दुःखाने पाहिलं, तिला रांजणात टाकलं आणि तोही बसला. तो बसल्यावर उरलेल्यांना उभं राहायचा कंटाळा आला.

शेठ ओरडले. माणिकरावने छडी आपल्या पोटरीवर इतक्या जोरात हाणली की तोच कळवळला. कुणाचंही मनगट धरायला गेलं, तर दुसरं कोणीतरी बसलेलं होतं. पन्नास मनगटं होती आणि मुकादम एक.

तेवढ्यात शेडमधून जळकट वास आला. रेच्यात कापूस नसला की आतला चामड्याचा रूळ कोरडाच पात्यावर घासतो आणि तापतो. जिनिंगात जळका वास म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. इंजिनवाला "बंद करतो! बंद करतो!" असं बोंबलत धावला. पट्टा फटफटला, मंदावला, आणि इंजिन थांबलं.

इतकी शांतता त्या जागेने हंगामात कधी ऐकली नव्हती. कडुलिंबाची पानं वाजतात, हे कित्येकांना तेव्हाच समजलं. गाडीच्या बैलांनीसुद्धा रवंथ थांबवून पाहिलं. गाड्यांच्या रांगेतून तो म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "बसू द्या की शेठ. आमी चार दिवसापासून उभे हावोत. आमाला ठाव हाये उभं राहणं कसं असतं."

शेठनी स्टेशनाच्या दिशेने पाहिलं. वाघीण तिथेच उभी होती, पण कायमची उभी राहणार नव्हती. मग त्यांनी शेडकडे पाहिलं. रुईच्या ढिगावर नवीन रुई पडत नव्हती. मग गाड्यांकडे. शेवटी ग्यानबाकडे. ग्यानबाने रोखलेला श्वास केव्हाच सोडला होता, आणि आता तो सावकाश एक आत, एक बाहेर, असं करत होता. त्यात खोकलाही येत होता, पण तो खोकून झाल्यावर परत सुरू करत होता.

"बरं!" शेठ म्हणाले. शब्द दाताआडून आला. "रोज सकाळ-दुपार सगळ्यांना सुटी. बाया, माणसं, सगळ्यांना. बिडी पिवोत की न पिवोत. तूही कामाला येत जा, भाई, ये! झालं? मंजूर. आता उठा पटापट. उठा, उठा!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दोघं-तिघं गुडघ्यावर हात ठेवून उठायलाही लागले. ग्यानबा हलला नाही.

"शेठ, सुटी मंजूर हाये ना?"

"हो, हो, मंजूर!"

"मंग बसू द्या," ग्यानबा म्हणाला, आणि उठायला लागलेले पुन्हा खाली बसले.